लॅपटॉप बिघडला, मग फाइली कुठे गेल्या?



"आमचा लॅपटॉप गेला आणि त्यातले सगळे फोटोही गेले." वर्ग सुटल्यावर पार्किंगमध्ये गप्पा मारताना हे वाक्य आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी ऐकतो. या वाक्याचे दोन भाग आहेत. लॅपटॉप गेला, हा पहिला भाग खरा असतो. फोटो गेले, हा दुसरा भाग बहुतेक वेळा खरा नसतो. मात्र घाईघाईने भलते काही केले, तर तोही खरा होऊन बसतो.

वर्गाचे संगणक सांभाळणाऱ्या आम्हा दोघा-तिघा पालकांकडे असे लॅपटॉप येतात. त्यावरून जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडत आहोत. लेखाचे पहिले तीन भाग मुलांनी घरी मोठ्याने वाचावेत. पुढचे भाग आईबाबांबरोबर बसून वाचावेत, कारण त्यात स्क्रू ड्रायव्हर लागतो.

१. दार अडकले म्हणून कपाट रिकामे होत नाही

लॅपटॉप ही एक वस्तू दिसते, पण तिच्या पोटात अनेक वस्तू असतात. पडदा, कळफलक, बॅटरी, पंखा, सगळ्यांना जोडणारा मदरबोर्ड, तात्पुरती आठवण ठेवणारी रॅम आणि कायमची आठवण ठेवणारी डिस्क. तुमचे फोटो, आजोबांची पत्रे, शाळेचे प्रकल्प हे सगळे फक्त डिस्कवर असते.

पडदा फुटला, बॅटरी संपली, कळफलकावर चहा सांडला, मदरबोर्ड जळला, तरी बहुधा डिस्क जशीच्या तशी असते. घराचे दार अडकले म्हणून आतल्या कपाटातल्या साड्या नाहीशा होत नाहीत. आत जायला दुसरी वाट शोधावी लागते, एवढेच. म्हणून लॅपटॉप सुरू होत नसेल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारायचा: बिघडले आहे ते दार, की कपाट?

२. तबकडीवर अक्षरे कशी राहतात?

हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी. आजीआजोबांच्या घरी ग्रामोफोनची तबकडी पाहिली असेल, तर कल्पना लवकर येईल. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. ते यंत्र कपाटाएवढे मोठे होते आणि त्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तुमच्या फोनमधला एक चांगला फोटोसुद्धा जवळपास तेवढी जागा घेतो!

लॅपटॉपमधली हार्ड डिस्क तळहातावर मावते. तिची तबकडी सुमारे अडीच इंच व्यासाची असते आणि साधारणपणे मिनिटाला ५,४०० वेळा फिरते. आता थोडे गणित करू. मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या. तबकडीचा घेर सुमारे २० सेंटिमीटर. म्हणजे तबकडीची कड एका सेकंदात १८ मीटर धावते. तासाला हे अंतर ६५ किलोमीटर होते, म्हणजे सुमारे ४० मैल. गावातल्या रस्त्यावरच्या मोटारीचा वेग!

या धावणाऱ्या तबकडीवर एक लहानसा वाचक असतो. त्याला हेड म्हणतात. तो तबकडीला टेकत नाही. हवेच्या अतिशय पातळ थरावर, अवघे काही नॅनोमीटर वर तरंगतो. माणसाच्या केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास असते. म्हणजे धुळीचा एक कण हेडच्या वाटेत आला, तर तो त्याच्यासाठी डोंगराएवढा. म्हणूनच हार्ड डिस्कचे झाकण घरी कधीही उघडायचे नसते. आत काय आहे ते पाहायचे कुतूहल असेल, तर अगदी टाकाऊ डिस्क आमच्याकडे मागा, एका शनिवारी वर्गात उघडून दाखवू.

तबकडीवर लहान लहान खण पाडलेले असतात. एका खणाला सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कवर एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात, नव्या डिस्कवर ४,०९६. आणि एक बाइट म्हणजे किती? युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटमध्ये बसते, पण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'आई' या शब्दात दोन चिन्हे, म्हणून सहा बाइट. 'आजी' या शब्दात आ, ज आणि दुसरी वेलांटी अशी तीन चिन्हे, म्हणून नऊ बाइट. जुन्या पद्धतीच्या एका सेक्टरमध्ये अशी १७० चिन्हे बसतात, म्हणजे वहीतल्या चार-पाच ओळी.

एक फोटो हजारो सेक्टरमध्ये पसरलेला असतो. कोणती फाइल कोणत्या सेक्टरमध्ये आहे, याची नोंद डिस्कवरच एका यादीत ठेवलेली असते. ही यादी म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका समजा. आता गंमत पाहा. आपण एखादी फाइल पुसतो, कचरापेटीही रिकामी करतो, तेव्हा हार्ड डिस्कवर फक्त अनुक्रमणिकेतली नोंद खोडली जाते. धडा पानांवर तसाच असतो! ती पाने 'रिकामी' समजली जातात इतकेच. पुढे कोणी त्या पानांवर दुसरे काही लिहिले, तर मात्र जुना धडा कायमचा जातो.

या एका गोष्टीत फाइली परत मिळवण्याची निम्मी विद्या आहे. डिस्कवर नवीन काही लिहिले जाण्याआधी जुने वाचून घ्यायचे.

चिपची डिस्क: गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये फिरणारी तबकडी नसते. तिच्या जागी च्युइंगगमच्या पट्टीएवढी चिपची पट्टी असते. तिला एसएसडी म्हणतात. तिच्यात हलणारा भाग नाही, म्हणून ती आपटल्याने सहसा बिघडत नाही. पण तिची एक सवय लक्षात ठेवा. फाइल पुसली की संगणक तिला कळवतो, "ही पाने आता नकोत," आणि ती सवडीने ती पाने खरोखरच पुसून टाकते. या कळवण्याला ट्रिम म्हणतात. त्यामुळे एसएसडीवरून चुकून पुसलेली फाइल परत मिळणे अवघड असते. लॅपटॉप बंद पडला, पण फाइल कोणी पुसलेली नाही, अशा वेळी मात्र एसएसडीवरच्या फाइलीही जागच्या जागी असतात.

३. आकाशातून पडलेली डिस्क

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना टेक्सासच्या आकाशात तुटून पडले. त्यातल्या सातही अंतराळवीरांचा मृत्यू झाला. कर्नालमध्ये जन्मलेल्या कल्पना चावला त्यांच्यापैकी एक होत्या.

यानात झेनॉन नावाच्या वायूवर एक प्रयोग चालू होता. त्याची काही माहिती उड्डाण चालू असतानाच पृथ्वीवर पाठवली गेली होती, बाकीची एका हार्ड डिस्कवर होती. सुमारे सहा महिन्यांनी ती डिस्क एका कोरड्या तळ्याच्या पात्रात सापडली. बाहेरून ती जळून काळी झालेली होती आणि आत धूळमाती शिरली होती. ती मिनेसोटातल्या क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या प्रयोगशाळेत पाठवण्यात आली. तेथील तंत्रज्ञांनी तबकड्या काढून स्वच्छ केल्या, त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि वाचून पाहिल्या. सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळाली! प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

हे कसे शक्य झाले? तबकड्या वाकलेल्या नव्हत्या. डिस्क पूर्ण भरलेली नव्हती, आणि जेथे ती खराब झाली होती तेथे सुदैवाने काही लिहिलेले नव्हते. शिवाय, ती सापडल्यावर कोणी "चालते का बघू" म्हणून तिला वीज लावली नाही. असे काम खास धूळविरहित खोलीत, शिकलेले लोकच करू शकतात. पण आपल्यासाठी त्यातला धडा सोपा आहे. डिस्क वाईट दिसते म्हणून फाइली गेल्या असे समजू नये, आणि फाइली हव्या असतील तर डिस्कशी खेळू नये.

४. पहिला नियम: थांबा आणि ऐका

लॅपटॉप बिघडल्यावर आपण काय करतो? पुन्हा सुरू करतो. मग पुन्हा. मग आणखी दहा वेळा. नेमके हेच करू नये. त्याऐवजी लक्षणे पाहावीत. डॉक्टर जसे आधी नाडी पाहतात, तसे.

दिवाच लागत नाही, किंवा दिवा लागतो पण पडदा काळा: दार अडकले आहे. कपाट बहुधा ठीक आहे. पुढे दिलेला उपाय घरी करता येतो.

संगणक सुरू होतो पण विंडोज उघडत नाही: फाइली बहुधा जागेवर आहेत. येथे मोठा धोका म्हणजे "सगळे पुसून नव्याने सुरुवात करा" असे सुचवणारे बटण. फाइली काढून घेईपर्यंत त्याला हात लावू नये.

संगणक अतिशय मंद झाला, काही फाइली उघडताना अडकून बसतो: काही सेक्टर खराब होऊ लागले आहेत. पहिले कॉपी करायचे ते सर्वांत महत्त्वाचे. आज, पुढच्या शनिवारी नाही.

डिस्कमधून टक्-टक्-टक् असा एकसारखा आवाज येतो: हेडला वाचता येत नाही आणि तो परत परत प्रयत्न करतो आहे. तुटलेले हेड तबकडीला खरवडू शकते. ताबडतोब वीज बंद करावी. हे काम प्रयोगशाळेचे. खर्च शेकडो डॉलरपासून हजारांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून आत काय होते याचा विचार करून घरच्यांनी ठरवावे.

पाण्यात पडला, किंवा चालू असताना उंचावरून पडला: सुरू करून पाहू नये. केस वाळवायचे यंत्र लावू नये, तांदळाच्या डब्यातही ठेवू नये. तांदूळ भातासाठी ठेवावेत.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की चालते, असे सांगणारे कोणीतरी भेटतेच. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरते, जसे उन्हाळ्यात थंड पेल्यावर धरते. तबकडीवर पाण्याचे थेंब आणि त्यावरून नॅनोमीटरवर तरंगणारे हेड! काय होईल ते तुम्हीच सांगा. तसेच "दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड काढून हिला लावा" हा उपायही आता सहसा चालत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापे तिच्याच बोर्डावरच्या एका चिपमध्ये लिहिलेली असतात. ती चिप हलवल्याशिवाय दुसरा बोर्ड उपयोगी पडत नाही.

५. डिस्क बाहेर काढून वाचणे

आता पालकांनी पुढे यावे. मुलांनी स्क्रू मोजावेत.

(अ) चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा. बॅटरी सुटी होत असेल तर काढा. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तेथेच थांबवा आणि लॅपटॉप जाणकाराकडे न्या. फुगलेल्या बॅटरीला टोचले गेले तर आग लागू शकते.

(आ) एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. मागचे झाकण उघडा. निघालेले स्क्रू अंड्यांच्या रिकाम्या खोक्यात क्रमाने ठेवा, म्हणजे परत लावताना गोंधळ होत नाही.

(इ) डिस्क कोणत्या जातीची आहे ते पाहा. अडीच इंची साटा डिस्क असेल तर साटा ते यूएसबी अडॅप्टर लागतो. तो एखाद्या पिझ्झाच्या किमतीत मिळतो. पट्टीची एसएसडी असेल तर त्या पट्टीच्या जातीला जुळणारी डबी लागते. साटा आणि एनव्हीएमई या दोन जातींच्या पट्ट्या दिसायला सारख्या असतात, म्हणून पट्टीवरचे नाव वाचूनच खरेदी करा. काही पातळ लॅपटॉपमध्ये चिप मदरबोर्डलाच डाखलेल्या असतात, त्या काढता येत नाहीत.

(ई) डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडा. विंडोज कधीकधी विचारते, "ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करायची का?" उत्तर नेहमी एकच: नाही. रद्द करा. अनुक्रमणिका वाचता आली नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ असतो. "डिस्क तपासून दुरुस्त करू का?" असे विचारले तरी आता नाही म्हणा. दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणे, आणि आजारी डिस्कवर आपल्याला काही लिहायचे नाही.

(उ) डिस्कचा आवाज नेहमीसारखा असेल आणि फाइली दिसत असतील, तर 'यूझर्स' या फोल्डरमधले आपल्या नावाचे फोल्डर शोधा. दस्तऐवज, चित्रे, डेस्कटॉप सगळे तेथे असते. सर्वांत मोलाचे आधी कॉपी करा. सिनेमे शेवटी.

(ऊ) कॉपी करताना डिस्क अडखळत असेल, तर एकेक फाइल ओढत बसू नका. आधी संपूर्ण डिस्कची सेक्टर-सेक्टर प्रत काढा. आम्ही यासाठी उबुंटू लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करतो, संगणकावर बसवत नाही. त्यात जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम चालवता येतो. त्याची पद्धत हुशार विद्यार्थ्यासारखी आहे. परीक्षेत आधी येणारी गणिते सोडवायची, अडलेली मागे ठेवायची. तोही चांगले सेक्टर आधी भराभर उचलतो, खराब जागा सोडून पुढे जातो, कोठे काय राहिले ते एका वहीत लिहितो आणि शेवटी अडलेल्या जागांकडे परत येतो. वीज गेली तरी वहीत पाहून तेथूनच पुढे सुरुवात होते.

येथे एक सक्त सूचना. या प्रोग्रॅमला मूळ डिस्क कोणती आणि रिकामी डिस्क कोणती, हे क्रमाने सांगावे लागते. क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क मूळ डिस्कवर उतरते आणि सगळे संपते. म्हणून आम्ही हे काम नेहमी दोघांनी करतो. एकाने टाइप करायचे, दुसऱ्याने डिस्कचे नाव आणि आकार मोठ्याने वाचायचे, मगच एंटर दाबायचे.

(ए) यानंतर मूळ डिस्क बाजूला ठेवून द्या. पुढचे सारे प्रयोग प्रतीवर. अनुक्रमणिका बिघडली असेल तर टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम ती जुळवायला मदत करतो. अनुक्रमणिका उरलीच नसेल तर त्याचा भाऊ फोटोरेक कामाला येतो. तो अनुक्रमणिका पाहतच नाही, थेट पाने चाळतो. जेपेग फोटोची सुरुवात नेहमी २५५, २१६, २५५ या तीन बाइटनी होते. पीडीएफ फाइल टक्क्याच्या खुणेने आणि पुढे पी, डी, एफ या अक्षरांनी सुरू होते. अशा खुणा शोधत तो फाइली वेचून काढतो. फाइलींची नावे मात्र मिळत नाहीत, नुसते आकडे मिळतात. मग सुट्टीत सगळ्यांनी बसून "हा गणपती कोणत्या वर्षीचा?" असे ओळखत नावे द्यायची. हे काम आम्हाला तरी फार आवडते.

६. चौदा गोष्टी आणि एक सेकंद

आपल्या वर्गातल्या एका कुटुंबाने परवानगी दिली म्हणून हे उदाहरण देत आहोत.

त्यांच्याकडे २०१३ साली घेतलेला लॅपटॉप होता. चिपळूणच्या आजी २०१४ आणि २०१७ साली येथे राहायला आल्या होत्या, तेव्हा त्या रात्री नातीला गोष्टी सांगत. मुलीच्या वडिलांनी त्या रेकॉर्ड करून या लॅपटॉपवर ठेवल्या होत्या. एकूण चौदा गोष्टी. २०२१ साली आजी वारल्या. पुढे लॅपटॉपही बंद पडला. चार्जर लावूनही दिवा लागेना. एका दुरुस्तीच्या दुकानात "आता यातले काही मिळणार नाही, नवीन घ्या" असे सांगण्यात आले.

डिस्क काढून आम्ही अडॅप्टरला लावली. ती शांतपणे, एका लयीत फिरू लागली. टक्-टक् नाही. म्हणजे मदरबोर्ड गेलेला होता, डिस्क नव्हे. पण ती स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, तिच्यात काही सेक्टर वाचता न आल्याचे दिसत होते. म्हणून फाइलींना हात न लावता आधी पूर्ण प्रत काढायला घेतली. डिस्क ५०० गिगाबाइटची होती. अशा डिस्कवर ५१२ बाइटचे सुमारे ९७ कोटी सेक्टर असतात. बहुतेक सगळे एका संध्याकाळीच आले. उरलेल्या जागांसाठी प्रोग्रॅम आणखी दोन रात्री चालू ठेवला. अखेर ४१६ सेक्टर वाचता आले नाहीत. ९७ कोटींपैकी ४१६!

हे ४१६ सेक्टर कोठे होते ते तपासले. बरेचसे विंडोजच्या स्वतःच्या फाइलींमध्ये होते, त्यांची कोणाला गरज नव्हती. पण ३२ सेक्टर एका गोष्टीत होते. ३२ गुणिले ५१२ म्हणजे १६,३८४ बाइट. ज्या प्रतीचे ते रेकॉर्डिंग होते, त्यात एका सेकंदाला १६,००० बाइट लागतात. म्हणजे जेमतेम एक सेकंद गेला. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची ती गोष्ट आहे. वाघ म्हातारीला अडवतो, तेथे आजींचा आवाज क्षणभर तुटतो आणि पुन्हा सुरू होतो. बाकीच्या तेरा गोष्टी पूर्ण आहेत. त्या मुलीला ती तुटलेली जागा पाठ आहे. तेवढे शब्द ती स्वतः म्हणते.

आधी लॅपटॉप पंधरा-वीस वेळा सुरू करून पाहिला असता, डिस्क "दुरुस्त" करून घेतली असती किंवा त्यावर विंडोज पुन्हा बसवले असते, तर किती गोष्टी उरल्या असत्या हे सांगता येत नाही. त्या कुटुंबाने लॅपटॉप पिशवीत घालून ठेवला आणि काहीच केले नाही. त्यांनी केलेली हीच सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती.

७. मराठी फाइली उघडल्या, पण वाचता येत नाहीत!

जुन्या डिस्कवरून मराठी लेख मिळतो, पण उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल खराब झाली असे समजून ती पुसू नका. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये ती विंडोज २००० पासून नीट लिहिता येऊ लागली. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षे आपण श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण अशा फाँटमध्ये टाइप करत होतो. त्या पद्धतीत फाइलीत खरे तर इंग्रजी अक्षरांचे आकडे साठवले जात, आणि फाँट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवी. फाँट नसला की मूळ आकडे उघडे पडतात. तोच फाँट बसवा, मजकूर परत मराठीत दिसेल. मग रूपांतर करणारे साधन वापरून तो युनिकोडमध्ये करून ठेवा, म्हणजे पुढच्या संगणकावर हाच प्रश्न पडणार नाही. म्हणून जुन्या डिस्कवरून लेख काढताना फाँटच्या फाइलीही आठवणीने काढा.

८. कुलूप असलेली कपाटे

आता पालकांसाठी सर्वांत महत्त्वाचे. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बाहेर काढून वाचायचा उपाय चालेलच असे नाही, कारण डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद असतो. विंडोजच्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप आपण न सांगताच लागलेले असते. ते उघडायला ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. लॅपटॉप चांगला चालू असतानाच ती शोधा, कागदावर उतरवा आणि पासपोर्टजवळ ठेवा. ॲपलच्या २०१८ नंतरच्या जवळजवळ सर्व लॅपटॉपमध्ये मजकूर त्याच संगणकाच्या चिपशी बांधलेला असतो. ती चिप गेली की दुसऱ्या कोणत्याही संगणकावर तो वाचता येत नाही. चोराच्या हाती आपले कागद पडू नयेत म्हणून हे कुलूप चांगलेच आहे. पण ते चोराला ओळखत नाही, तसे मालकालाही ओळखत नाही.

याचा अर्थ असा की २०१३ च्या लॅपटॉपमधून आजींच्या गोष्टी मिळाल्या, तशा आजच्या लॅपटॉपमधून मिळतीलच असे नाही. आता एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे दुसरी प्रत.

जाणकार लोक तीन-दोन-एक असा नियम सांगतात. प्रत्येक मोलाच्या फाइलीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आपल्यासारख्यांना तिसरी प्रत ठेवणे फार सोपे आहे. भारतात जाताना एक लहान डिस्क सामानात टाकायची आणि आजीआजोबांच्या कपाटात ठेवायची. पुढच्या खेपेला नवी न्यायची, जुनी आणायची. इंटरनेटवरच्या साठ्यात फाइली आपोआप जातात, तेही चांगले. पण तेथे दोन्हीकडे एकच चित्र राखले जाते. घरी फाइल पुसली की तेथूनही पुसली जाते. ठरावीक दिवसांत लक्षात आले नाही तर ती परत मिळत नाही. म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

आणि हे करायचे केव्हा? दसऱ्याला आपण अवजारांची पूजा करतो. आपल्यापैकी अनेक घरांत संगणकालाही हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहतात. फूल वाहण्याआधी प्रत काढावी, आणि त्या प्रतीतल्या चार-पाच फाइली खरोखर उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे चव न घेता पाहुण्यांना वाढलेली आमटी.

घरचा अभ्यास (मुलांसाठी)

१. तुमचे नाव मराठीत लिहा. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरातले पाय मोडलेले हलन्तही वेगळे मोजा. नावाला किती बाइट लागतील?

२. तुमच्या घरात ज्या फाइलीची एकच प्रत आहे, अशी एक फाइल शोधा. ती गेली तर सर्वांत जास्त वाईट कोणाला वाटेल? त्या व्यक्तीला विचारून दुसरी प्रत काढा.

३. आजी किंवा आजोबांना फोन करा आणि एक गोष्ट सांगायला लावा. ती त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा. मग तिच्या तीन प्रती करा.

बंद पडलेला लॅपटॉप घरी असेल तर तो टाकून देऊ नका. सुरूही करू नका. पिशवीत घालून शनिवारी वर्गाला घेऊन या. कोणत्या फाइली सर्वांत आधी हव्या आहेत, ते एका कागदावर लिहून आणा. वर्ग सुटल्यावर आम्ही मागच्या टेबलापाशी थांबतो.